वर्गसमीकरणाचे अवयव आणि उजव्या बाजूचे शून्य

नोकरी सांभाळून, १७ नंबरचा (शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा) अर्ज भरून दहावीला बसणाऱ्यांना कंस सोडवणे आणि सामाईक अवयव बाहेर काढणे येत असते, असे धरूनच लिहितो. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून मी बीजगणित उघडत असे, तेव्हा मलाही तेवढे येत होते. तरीही वर्गसमीकरणांनी मला रडवले, आणि त्याचे कारण मुख्यतः एकच होते.

(क्ष − ३)(क्ष − ४) = २ हे समीकरण पाहा. अवयव आयतेच दिसतात, म्हणून हात आपोआप क्ष − ३ = २ किंवा क्ष − ४ = २ असे लिहितो आणि उत्तरे येतात ५ व ६. फसगत अशी, की ५ ठेवून ताळा घेतल्यास २ × १ = २, म्हणजे ताळा जुळतो आणि रीतच बरोबर असल्याचा समज पक्का होतो; ६ ठेवून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही, तिथे ३ × २ = ६ येतात. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तरच त्यांपैकी निदान एक शून्य आहे, असे खात्रीने म्हणता येते. गुणाकार २ असेल, तर त्या १ आणि २ असतील, −१ आणि −२ असतील, नाहीतर अर्धा आणि ४. म्हणून आयते कंसही आधी मोडावेत, सर्व पदे डावीकडे आणून क्ष² − ७क्ष + १० = ० करावे आणि मगच (क्ष − ५)(क्ष − २) = ० असे अवयव पाडावेत. मुळे, म्हणजे समीकरण खरे ठरवणाऱ्या क्षच्या किमती, ५ आणि २. तयार अवयव मोडणे जिवावर येते खरे, पण हाच सरळ मार्ग आहे.

क्ष² = ५क्ष ला दोन्हीकडे क्षने भागणे हेही त्याच जातीचे; ० हे मूळ त्यात हातचे जाते.

मधल्या पदाची फोड मात्र वाटते तितकी अवघड नाही. ६क्ष² − क्ष − १२ = ० मध्ये क्ष² चा सहगुणक आणि शेवटचे पद यांचा गुणाकार ६ × (−१२) = −७२. ७२ च्या जोड्या १ × ७२ पासून क्रमाने लिहीत गेल्यास ८ × ९ लगेच सापडते, आणि बेरीज मधल्या पदाच्या सहगुणकाइतकी, म्हणजे −१, हवी म्हणून −९ व ८ घ्यावेत. ‘नजरेनेच अवयव ओळखा’ असे सांगणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा विश्वास नाही. भराभर फळा भरणाऱ्या सरांपेक्षा ‘ही पायरी का लिहिली?’ असे विचारणारी शेजारची अकरावीतली मुलगी अधिक शिकवून जाते.

जोडी मिळतच नसेल, तर स्वतःला दोष देऊ नये, विवेचक काढावा, म्हणजे मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिल्या सहगुणकाच्या व शेवटच्या पदाच्या गुणाकाराची चौपट वजा करावी. क्ष² − ७क्ष + ११ = ० मध्ये ४९ − ४४ = ५; हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून पूर्णांकांची अशी जोडी मिळणारच नाही. तिथे सरळ वर्गसमीकरणाचे सूत्र वापरावे.

शाब्दिक उदाहरणात द्राक्षबागेतील ओळींची संख्या १५ आणि −२० अशी आली, तर −२० नुसते खोडू नये. ते समीकरणाचे खरे मूळ असते, फक्त ओळींची संख्या ऋण असू शकत नाही; तेवढे एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहावे.