एकाच नावाच्या दोन सीएसएस फाइली

इंदूरमधील एका मराठी वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम चालू असताना, कोड तोच असूनही पानाची मांडणी कधी नीट दिसे, तर कधी पार विस्कटलेली. जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणारे ईएसबिल्ड आणि शैलीच्या नियमांपासून सीएसएस (पानाचे रूप व मांडणी ठरवणारी फाइल) बनवणारे सास ही साधने एकाच वेळी चालत होती व दोन्हींच्या फाइली तयार फाइलींच्या ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये जात होत्या. ॲप.जेएस या जावास्क्रिप्ट फाइलीत दिनदर्शिकेची सीएसएस इम्पोर्ट केलेली (जोडून घेतलेली) होती, आणि अशा वेळी ईएसबिल्ड जेएस फाइलशेजारी त्याच नावाची सीएसएस फाइल आपणहून तयार करते. सासही ॲप.सीएसएसच लिहीत असल्याने जे साधन शेवटी संपे त्याचीच फाइल उरे, आणि एररचा मात्र मागमूस नसे. फोल्डर रिकामे करून एकेक कमांड स्वतंत्रपणे चालवली, तेव्हा हे उघड झाले.

मग सासची फाइल थीम.सीएसएस या नावाने काढली आणि एचटीएमएलमध्ये दोन्ही लिंक दिल्या; ईएसबिल्डची आधी, कारण समान वजनाच्या (सारख्याच प्राधान्याच्या) नियमांत नंतरचा नियम लागू होतो. दोन्ही कमांड ठरावीक क्रमाने चालवणे हा उपाय मला मान्य नाही, कारण त्यात एक फाइल पुसली जातेच.