तिकीट सापडत नाहीये? माशी नेमकी कुठे शिंकली ते आधी बघा

कार्यक्रमांची किंवा सामन्यांची ऑनलाइन तिकिटं खरोखर संपल्यामुळे हात हलवत परतणारे लोक असतात, तसे तिकिटं असूनही ती न दिसल्यामुळे परतणारेही भरपूर असतात. कुणी भलत्याच साइटवर शोधत बसलेला असतो, कुणी तासभर उशिरा आलेला असतो, कुणाच्या पडद्यावर जुना फिल्टर तसाच राहिलेला असतो, तर कुणाचं कार्ड बँकेने अडवलेलं असतं. यातली बहुतेक दुखणी आधी शांतपणे बसून निस्तरता येतात. विक्री सुरू झाली की मात्र डोकं चालत नाही आणि घड्याळ थांबत नाही. म्हणून ही तयारी, कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी, तिकिटं अधिकृतपणे विकतंय कोण ते शोधा. कार्यक्रमाचं नाव सर्च इंजिनात टाकून पहिल्या दुव्यावर बोट ठेवणं ही सवय सोडा, कारण वरचे दुवे बऱ्याचदा जाहिराती असतात आणि जाहिरात देणारा बऱ्याचदा तिकिटं पुन्हा विकणारा असतो. गूगलने २०१८ पासून अशा पुनर्विक्रेत्यांना आपण मूळ विक्रेते नाही हे साइटवर सांगणं बंधनकारक केलं आहे. ती ओळ असते, पण ठळक अक्षरांत असेलच असं नाही. तेव्हा उलट्या बाजूने जा: कलाकाराची किंवा संघाची स्वतःची साइट उघडा, तिथून त्या तारखेचा दुवा घ्या, आणि सभागृहाच्या किंवा स्टेडियमच्या साइटशी ताडून पाहा. दोन्हीकडून एकाच विक्रेत्याकडे बोट दाखवलं जात असेल तर ठिकाण बरोबर आहे. एकाच दौऱ्यातल्या दोन शहरांची तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांकडे असणं अगदी नेहमीचं आहे. कधी एकाच कार्यक्रमाचा कोटाही दोन-तीन विक्रेत्यांत वाटलेला असतो. एकाकडे संपलं म्हणजे सगळीकडे संपलं असं नाही.

पुनर्विक्रेता ओळखायची एक सोपी खूण सांगतो. अधिकृत विक्री सुरूच झालेली नाही आणि तरी एखाद्या साइटवर तिकिटं ‘उपलब्ध’ दिसत आहेत, वर आसन क्रमांक न देता फक्त विभागाचं नाव दिलंय, तर विकणाऱ्याकडे ते तिकीट बहुधा अजून आलेलंच नाही. तो ते पुढे मिळवू म्हणून आत्ता विकतोय. तिथून मागे फिरा.

साइट बरोबर आहे पण कार्यक्रम सापडत नाही, अशी वेळ आली तर दोष बहुधा शोधात असतो. विक्रेत्याचं ॲप तुमचं ठिकाण स्वतःहून ओळखतं आणि आसपासचेच कार्यक्रम दाखवतं. दुसऱ्या शहरातला कार्यक्रम हवा असेल तर ठिकाण हाताने बदलावं लागतं. तारखेचा फिल्टर मागच्या वेळचा राहिलेला असतो. मोठ्या विक्रेत्यांच्या देशोदेशीच्या साइट वेगळ्या असतात आणि एका देशाच्या ॲपमध्ये दुसऱ्या देशातले कार्यक्रम दिसतीलच असं नाही. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असू शकतं, किंवा कार्यक्रम कलाकाराच्या नावाने नसून दौऱ्याच्या किंवा महोत्सवाच्या नावाने नोंदलेला असू शकतो. एवढं करून हाती काही लागलं नाही तर कार्यक्रमाचा नाद सोडा आणि सभागृहाचं नाव शोधून त्याच्या दिनदर्शिकेतून त्या तारखेवर जा. सरळ शोधाने न सापडलेलं पान या आडवाटेने पुष्कळदा सापडतं. सापडलं की लगेच बुकमार्क करा. विक्रीच्या दिवशी शोधायची वेळच येऊ देऊ नका.

पान उघडल्यावर तिथे काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘विक्री सुरू व्हायची आहे’, ‘विक्री बंद’, ‘सध्या उपलब्ध नाहीत’ आणि ‘सोल्ड आउट’ या चार वेगळ्या अवस्था आहेत. घाईत सगळ्यांचा अर्थ ‘गेलं’ असाच घेतला जातो. ‘सध्या उपलब्ध नाहीत’ म्हणजे उरलेल्या जागा त्या क्षणी इतरांच्या कार्टमध्ये अडकलेल्या असू शकतात, आणि त्यातल्या काही परत येतात.

मग विक्रीचा प्रकार. खुल्या विक्रीआधी प्रीसेल असते: कधी चाहत्यांच्या यादीसाठी, कधी एखाद्या बँकेच्या कार्डधारकांसाठी, कधी सभागृहाच्या सभासदांसाठी. त्यासाठी पात्र लोकांना आधी एक कोड पाठवतात; त्या वेळेत तो नसलेल्या माणसाला पानावर एकही तिकीट दिसत नाही आणि त्याला वाटतं साइटच बिघडली. कुठल्या प्रीसेलला आपण पात्र आहोत ते आधी पाहा, नोंदणीची मुदत लिहून ठेवा, आणि नोंदणी केली म्हणजे कोड येणारच असं धरून चालू नका. गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्यासाठी २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीकडे सुमारे ३५ लाख लोकांनी नोंदणी केली होती; कोड गेले साधारण १५ लाखांना, बाकीचे प्रतीक्षा यादीत. १५ नोव्हेंबरला त्यांच्या यंत्रणेवर ३५० कोटी विनंत्या आदळल्या, त्या दिवशी २० लाखांहून जास्त तिकिटं गेली आणि १८ तारखेची खुली विक्री रद्दच करावी लागली. ‘प्रीसेलला नाही जमलं तर खुल्या विक्रीत घेऊ’ हा बेत म्हणूनच फार भरवशाचा नाही.

काही ठिकाणी नोंदणीशिवाय दारातही उभं करत नाहीत. ब्रिटनमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवासाठी प्रत्येकाने फोटोसह आधी नोंदणी केलेली असावी लागते, ती विक्रीच्या काही दिवस आधी बंद होते, आणि तिकीट घेताना गटातल्या प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक नि पोस्टकोड भरावा लागतो. मित्रांसाठी तिकिटं काढणाऱ्याने असली माहिती एका साध्या टिपणात लिहून समोर ठेवावी. ‘अरे, तुझा नंबर पाठव’ असं तेव्हा विचारत बसलात तर झालंच. याउलट फुटबॉल विश्वचषकाच्या अनेक टप्प्यांत किंवा विम्बल्डनच्या बॅलटमध्ये तिकिटं सोडतीने जातात. तिथे पहिल्या मिनिटाला अर्ज केला काय नि शेवटच्या दिवशी केला काय, संधी तीच. तिथे जागरण करू नका, फक्त मुदत चुकवू नका.

वेळेबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथे भलेभले गोत्यात येतात. ‘सकाळी १० वाजता, स्थानिक वेळ’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती वेळ कार्यक्रमाच्या गावची असते, तुमच्या गावची नव्हे. आणि घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांत हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. युरोपात घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे एरवी पाच तासांचं असलेलं लंडन–न्यूयॉर्क अंतर मधल्या दिवसांत चार तासांचं होतं. मार्चमध्येही असंच होतं, कारण अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते आणि युरोप शेवटच्या. पाठ असलेल्या फरकावर विसंबू नका. फोनच्या घड्याळात ते शहर जोडा, आणि कॅलेंडरमध्ये नोंद करताना त्या शहराचा टाइमझोन निवडा.

खातं आदल्या दिवशीच तयार हवं. एकदा लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन करून पाहा. पासवर्ड विसरल्याचं कळण्यासाठी विक्रीचं पहिलं मिनिट ही चांगली वेळ नव्हे. खात्यात जुना फोन नंबर असेल तर पडताळणीचा कोड त्यावरच जात राहील. कार्ड जोडून ठेवा, त्याची मुदत तपासा, पत्ता बँकेत नोंदवलेल्या पत्त्याशी जुळतो का ते पाहा. परदेशातल्या विक्रेत्याकडून घ्यायचं असेल तर कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का आणि दिवसाची मर्यादा पुरेशी आहे का ते बँकेच्या ॲपमध्ये बघून घ्या. मर्यादेचा हिशेब करताना शुल्कं धरायला विसरू नका. ती सेवा शुल्क, प्रक्रिया शुल्क अशा नावांनी शेवटच्या पायरीवर येतात. अमेरिकेत मे २०२५ पासून प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या तिकिटांची एकूण किंमत सुरुवातीपासून दाखवावी लागते, पण सगळीकडे तसा नियम नाही. शक्य असेल तर दुसरं कार्डही हाताशी असू द्या.

सोबत येणाऱ्यांशी बोलून कमाल किंमतही आधीच ठरवून टाका. ३१ ऑगस्ट २०२४ला ओएसिस या ब्रिटिश बँडच्या पुनर्मिलनाच्या कार्यक्रमांची तिकिटं निघाली तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत थांबले आणि आत गेल्यावर उभ्याच्या (म्हणजे उभं राहून कार्यक्रम पाहायच्या) तिकिटाची किंमत अपेक्षेच्या दुपटीहून जास्त दिसली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने पुढे आक्षेप घेतला तो असा, की उभ्याच्या तिकिटांच्या दोन किमती होत्या आणि स्वस्तातली संपल्यावर महागडी लागू होणार हे रांगेतल्यांना सांगितलंच नव्हतं. अशा वेळी घ्यायचं की सोडायचं यावर समोर काही मिनिटंच असतात. आकडा आधी ठरलेला असेल तर निर्णय एका सेकंदाचा.

यंत्राची तयारी मात्र चटकन आटोपते. ब्राउझर अद्ययावत करा, जाहिराती रोखणारी एक्स्टेंशन त्या साइटपुरती बंद करा, व्हीपीएन (इंटरनेटवरचा आपला खरा पत्ता लपवणारी सेवा) बंद करा. तिकिटं उचलणाऱ्या बॉटना, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खरेदी करणाऱ्या प्रोग्रॅमना, अडवणारी यंत्रणा व्हीपीएनच्या पत्त्यांकडे संशयानेच पाहते. ऑफिससारख्या ठिकाणी शेकडो लोक एकाच नेटवर्कवरून येत असतील तर तिथेही तेच होऊ शकतं. एका खात्यावर एक ब्राउझर, एक टॅब. दहा टॅब उघडल्याने दहा संधी मिळतील हा भ्रम आहे. उलट तुम्हीच बॉट ठरून बाहेर फेकले जाऊ शकता. पडदा आपोआप झोपणार नाही अशी सेटिंग करा.

विक्रीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी साइटवरच्या वेटिंग रूममध्ये, म्हणजे विक्री सुरू होईपर्यंत थांबायच्या पानावर, जाऊन बसा. बऱ्याच यंत्रणांत विक्री सुरू होण्याआधी आलेल्या सगळ्यांना त्या क्षणी यादृच्छिक क्रमांक दिले जातात, त्यामुळे तासभर आधी येऊन फायदा नाही; मागाहून आलेले मात्र थेट शेपटीला. रांगेत लागल्यावर पान रिफ्रेश करू नका. आणि ‘काही अडलं की कुकीज साफ करा’ हा एरवी चांगला असलेला सल्ला इथे विषासारखा आहे, कारण रांगेतली तुमची जागा बहुधा त्या कुकीतच, म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या फाइलमध्येच, नोंदलेली असते. वायफाय सोडून मोबाइल डेटावर उडी मारणंही शक्यतो टाळा. रांग किती सरकली ते दाखवणारी पट्टी हलत नाहीये, क्रमांक उतरत नाहीये, असं झालं तरी तो बिघाडच असेल असं नाही. आतला ताण वाढला की यंत्रणा रांग थांबवून ठेवते.

आत गेल्यावर समोर आसनांचा नकाशा येतो आणि खरी पंचाईत इथे होते. रंगीत ठिपके म्हणजे मोकळ्या जागा, करडे म्हणजे गेलेल्या. तुम्ही एका रंगीत ठिपक्यावर बोट ठेवता आणि उत्तर येतं, ‘ही जागा दुसऱ्या ग्राहकाने निवडली आहे.’ पुन्हा दुसरा, पुन्हा तेच. कारण नकाशा काही सेकंद मागे असतो आणि सगळेच पुढच्या मधोमधच्या ठिपक्यांवर तुटून पडलेले असतात. नकाशा सोडून ‘सर्वोत्तम उपलब्ध’ हा पर्याय घ्या. यंत्रणा स्वतः मोकळी जागा शोधून अडवून देते. तरीही काही दिसत नसेल तर फिल्टर पाहा. चार तिकिटं मागितली की चार सलग जागा नसलेला प्रत्येक विभाग पडद्यावरून गायब होतो आणि सगळं संपल्यासारखं वाटतं. चाराचे दोन करा, बघता बघता नकाशावर रंग येतो. दोन-दोन अशा दोन जोड्या वेगळ्या बसल्याने कार्यक्रम काही वेगळा दिसत नाही, हे माझं प्रामाणिक मत. मात्र तिकिटांची मर्यादा प्रति व्यवहार आहे की प्रति खातं, ते आधी वाचलेलं असू द्या. मर्यादा ओलांडणाऱ्या ऑर्डर नंतर रद्द होतात. किमतीची पट्टी मध्येच अडकलेली नाही ना, ‘फक्त पॅकेज’ किंवा ‘फक्त पुनर्विक्री’ ही खूण चालू नाही ना, तेही पाहा. आणि तीन सलग मोकळ्या जागांपैकी दोन घ्यायला गेलात की काही साइट अडवतात, कारण एकटी जागा उरलेली त्यांना चालत नाही. अशा वेळी ओळ बदला, भांडत बसू नका.

जागा कार्टमध्ये आली की उलटी मोजणी सुरू होते. पैसे भरताना पान अडकलं तर लगेच पुन्हा भरू नका. दुसऱ्या टॅबमध्येही नको. आधी फोनवर ‘माझ्या ऑर्डर’ उघडा, मग बँकेचा संदेश पाहा. बँकेने रक्कम रोखून धरली पण ऑर्डर झालीच नाही, असं होतं. ती रक्कम पुढे काही दिवसांत आपोआप मोकळी होते. पण घाईत दोनदा भरून दोन्ही ऑर्डर झाल्या, तर बहुतेक विक्रेत्यांच्या नियमांत परतावा नसतो.

हाती काही लागलं नाही तर पान तसंच उघडं ठेवा. ज्यांचं पैसे भरणं फसलं त्यांच्या जागा पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू परत येत राहतात. पुढे कार्यक्रम जवळ आला, मंच आणि कॅमेऱ्यांच्या जागा नक्की झाल्या, की त्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या विक्रीला येतात. हे बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यात आणि कधी त्याच दिवशी, फारसा गाजावाजा न करता होतं. अधिकृत विक्रेत्याची पुनर्विक्री असेल तर तिथे सूचना लावून ठेवा. समाजमाध्यमांवर भेटलेल्या अनोळखी माणसाला पैसे पाठवून तिकीट घेऊ नका, मग तो स्क्रीनशॉट कितीही खरा वाटो.

आता तिकीट मिळालं पण ईमेल आलाच नाही. स्पॅम पाहा, ‘प्रमोशन’ पाहा, आणि ‘पाहुणा’ म्हणून खरेदी करताना ईमेल पत्त्यात एखादं अक्षर चुकलं नव्हतं ना ते आठवा. फोनच्या की-बोर्डने नेहमीचा नसलेला जुना पत्ता स्वतःहून भरलेला असणं, हेही कारण निघतं. बरीच तिकिटं ईमेलने येतच नाहीत, ॲपमध्येच असतात, आणि त्यांचा बारकोड कार्यक्रमाला काही दिवस किंवा तास उरल्यावरच दिसू लागतो. तिकीटमास्टरच्या सेफटिक्ससारख्या पद्धतीत तो बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉट प्रवेशद्वारावर चालत नाही. मित्राचं तिकीट ॲपमधूनच त्याच्या खात्यात पाठवा, आणि तेही घरून. स्टेडियमच्या दारात हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात; तिकीट आधीच फोनच्या वॉलेटमध्ये घेऊन ठेवा आणि बॅटरी पूर्ण भरून निघा.