स्पोर्ट्स कार घेऊन घाटात जायचंय? आधी कुठला घाट चढायचा आणि कुठला उतरायचा ते ठरवा

पुण्यातनं एका दिवसात होणारी घाटांची सगळ्यात भारी चक्कर म्हणजे ताम्हिणी, आंबेनळी आणि पसरणी, सगळी मिळून साधारण ३०० किलोमीटर, आणि मी ती पहिल्यांदा मारली ती उलटी मारली. म्हणजे सकाळी वाई, पसरणी चढून पाचगणी, महाबळेश्वर, आणि दुपारी आंबेनळी उतरून पोलादपूर. गाडी सेकंडहँड टू-सीटर, इंजिनाचा आवाज मस्त, अंगात मस्ती त्याहून जास्त. प्रत्येक वळणाला सुसाट जायचं आणि शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक. दहा-बारा वळणांनंतर जळका वास यायला लागला आणि ब्रेक पेडल ओल्या स्पंजासारखं खाली जायला लागलं. प्रतापगडच्या फाट्यापाशी कशीबशी टपरीला लावली, तर चहावाल्या काकांनी लांबूनच हात केला, "हँडब्रेक ओढू नका साहेब, गिअरात टाका आन् चाकाला दगड लावा!" पाऊण तास बसलो तिथे. त्या पाऊण तासात जे कळलं ते आणि नंतर चार-पाच चकरांत जे शिकलो ते खाली लिहितोय.

दिशा

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आणि पोलादपूर म्हणजे जवळजवळ कोकणाची सपाटी. १४०० किलोची गाडी तेवढी खाली आणायची तर ढोबळ हिशोबाने ५० लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते, आणि तुम्ही सगळं काम ब्रेकवर सोडलं तर ती ब्रेकच्या डिस्क-पॅडमध्येच जाणार, दुसरीकडे कुठे जाणार. म्हणून मोठा घाट चढायचा, छोटे घाट उतरायचे. सकाळी चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी उतरा, माणगावला हायवे पकडा, महाडवरनं पोलादपूर, तिथनं डावीकडे वळून आंबेनळी चढा, मग महाबळेश्वर, पाचगणी आणि शेवटी पसरणी उतरून वाई. ताम्हिणी आणि पसरणी दोन्हींचा उतार आंबेनळीच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीत आणि संध्याकाळी पूर्वेला परतताना पण पाठीतच, डोळ्यात ऊन जाऊन वळण न दिसण्याची भानगडच नाही. हे दुसरं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, बायकोने सांगितलं.

आदल्या दिवशी

टायर आधी बघा. फक्त नक्षी नाही, तारीख. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. स्पोर्ट्स गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरतात, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. हवा गाडी थंड असताना भरा.

मग ब्रेक ऑइल. हे कोणी बघतच नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलावा शिरला की त्याचा उकळबिंदू धपकन पडतो. डॉट ४ या दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत टिकतं, ओलावा धरलेलं १५५ ला उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडे दाबले जातात पण ब्रेकच्या पिस्टनला ढकलत नाहीत, तेच ते स्पंज पेडल. माझ्या गाडीचं ऑइल किती जुनं होतं ते मी सांगणार नाही, लाज वाटते. दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी.

आणि डिकी उघडून बघा स्टेपनी आहे का. बहुतेक अशा गाड्यांत नसतेच, पंक्चर किट असतो, आणि टायरची बाजू दगडाने चिरली तर तो किट काही कामाचा नाही. ताम्हिणीत बऱ्याच ठिकाणी रेंजही नसते, तेव्हा घरी रूट सांगून निघा.

कधी निघायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, आठवड्यातला मधला वार, पहाटे साडेपाच. शनिवार-रविवार विसरा. पावसाळ्यात हे घाट दिसतात स्वर्गासारखे पण दरडी, धुकं आणि शेवाळ, जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळीचा रस्ता कितीतरी ठिकाणी खचला होता. पावसात जायचंच तर घरातली उंच गाडी न्या, सावकाश जा, भजी खा, परत या.

स्पीडब्रेकर

भूगाव ते पौड हा खरा अडथळ्यांचा पट्टा. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, उतरता पाहिजे, आपल्याकडे उंची तेवढीच किंवा जास्त आणि रुंदी मात्र झोपलेल्या म्हशीएवढी. तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून १२-१३ सेंटिमीटर. मागे कोणी नाही आणि समोरनं कोणी येत नाही बघून गाडी थोडी तिरकी घाला, एका वेळी एक चाक चढवा, एक चाक उतरवा, आणि चढताना ब्रेकवरचा पाय काढा कारण ब्रेक दाबलेला असेल तर नाक खाली झुकतं आणि पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासतो. माझा दोनदा घासलाय. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

वळण कसं घ्यायचं

आता मुख्य भाग. सगळं ब्रेकिंग वळणाच्या आधी, स्टिअरिंग सरळ असताना. गिअरही तिथेच खाली टाका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड घेऊन स्वतः दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात टाका, नाहीतर गिअरबॉक्स ऐन वळणात काय वाटेल ते करतो. मग वळणात हलका, एकसारखा ॲक्सिलरेटर, आणि बाहेरचा रस्ता सरळ दिसायला लागला की मग पाय द्या. गंमत तिथेच आहे, ४० वरनं ७० ला जाताना पाठ सीटमध्ये रुतते ना, ती. १४० ची गरजच नाही.

नजर बोनेटवर नको. लांब जिथे रस्त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना मिळताना दिसतात त्या टोकावर ठेवा. ते टोक तुमच्याकडे येतंय असं वाटलं तर वळण आवळतंय, अजून हळू. लांब पळायला लागलं तर वळण उघडलं. आणि जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, एवढाच स्पीड. कोरड्या रस्त्यावर ४० ला थांबायला विचार करायचा वेळ धरून अंदाजे २० मीटर लागतात, ६० ला ३७ च्या आसपास, उतारावर आणखी. घाटातल्या आंधळ्या वळणावर ३७ मीटर दिसतात का ते स्वतः बघा.

रेसच्या सर्किटवर अख्खा रस्ता वापरून वळण कापतात ती लाइन इथे विसरा, मधली रेघ म्हणजे भिंत समजा. डाव्या वळणाला आपल्याच लेनमध्ये मधल्या रेघेकडे राहिलात तर पुढचं लवकर दिसतं, उजव्या वळणाला डावीकडे राहा, पण अगदी कडेला नको, तिथे खडी असते. ताम्हिणीत सावलीतल्या वळणांवर डोंगरातनं पाणी झिरपत असतं, पाऊस संपून महिना झाला तरी ओलं असतं. चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण कृपया दाबू नका. मित्रांना व्हिडिओ पाठवायचा असेल तरी.

लाल परी समोरनं येताना दिसली की हेअरपिनच्या अलीकडेच थांबा. तिला वळायला अख्खा रस्ता लागतो, ड्रायव्हरचा दोष नाही, गाडीची लांबीच तेवढी. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हे २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांतही आहे, पण आंबेनळी चढताना तुमचा हक्क आहे म्हणून ट्रकसमोर अडून बसू नका. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे समोरच्याचाही ऐकू येतो, म्युझिक बंद. एवढे पैसे त्या इंजिनाच्या आवाजाचेच तर दिलेत.

माकडं असतात. गाडी थांबवून चिप्स दिलेत तर सॉफ्ट टॉपचं कापड गेलं समजा.

पसरणी उतरताना

पाचगणी सोडली की खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसतं, संध्याकाळच्या उन्हात तर बघतच राहावं, पण चालवता चालवता नको, कडेला नीट जागा बघून थांबा. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. दुसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरवरनं काढलेला, इंजिन गुरगुरत गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, एकदा नीट दाबायचा, स्पीड पाडायचा, सोडून द्यायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात, त्यांना सांगा की आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पेट्रोल जवळपास बंदच करतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं.

वाईत उतरलात की लगेच गाडी लावू नका. दोन-तीन किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत सावकाश चालवा, मग थांबा, ब्रेक तापलेले असतात म्हणून हँडब्रेकऐवजी गिअर आणि चाकाला दगड. डिस्क तापलेली असताना कोणी उत्साहाने बाटलीतलं पाणी ओतायला आला तर त्याला अडवा, डिस्क वाकडी होते किंवा तडकते. आणि निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या बाहेर टाका, मागनं रात्री कोणीतरी बाइकवर येणार असतो.