रात्री पंपाचा फ्यूज खिशात घाला

मोठी चाकं, नवा स्टिरिओ लावलेली जिप्सी सोसायटीबाहेर उभी केली की चोरीच्या भीतीने झोप लागत नाही. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीसाठी हा बिनखर्चाचा उपाय.

१. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून फ्युएल पंपाचा (टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप) फ्यूज शोधा.
२. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून तो चिमट्याने उपटा. इंजिन आपोआप बंद पडू द्या. आधीच चावी फिरवून इंजिन बंद केलंत, तर पाइपात उरलेल्या पेट्रोलच्या दाबावर गाडी चोराला गल्लीच्या तोंडापर्यंत तरी नेईल!
३. चावी काढून घ्या, फ्यूज खिशात.

आता स्टार्टर नुसता घरघरतो. टो करून नेणाऱ्यापुढे मात्र हे चालत नाही. त्यासाठी स्टिअरिंग लॉक हवंच. परत लावताना त्याच अँपिअरचा फ्यूज लावा, जास्तीचा लावलात तर वायरिंग जळू शकतं.