स्ट्रॉन्शियम मिसळलेल्या बेरियम टायटनेटचे प्रावस्थाबदल संगणकावर कसे वर्तवावेत

गॅसच्या लायटरचा खटका दाबताच ठिणगी पडते ती आतल्या दाबविद्युत (दाबले की विद्युतभार निर्माण करणाऱ्या) सिरॅमिकमुळे. अशा पदार्थाचा गुण त्याच्या स्फटिकातील अणूंच्या ठेवणीवर अवलंबून असतो आणि ती ठेवण तापमानाबरोबर बदलते; या बदलालाच प्रावस्थाबदल म्हणतात. शुद्ध बेरियम टायटनेटचा स्फटिक सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर घनाकृती असतो आणि तेथे त्याचा दाबविद्युत गुण नाहीसा होतो. त्याखाली घनाची एक बाजू किंचित लांबते (टेट्रागोनल), सुमारे ५ अंशांखाली तो ऑर्थोऱ्होम्बिक (पृष्ठाच्या कर्णाच्या दिशेने ताणलेला) आणि उणे ९० अंशांच्या आसपास ऱ्होम्बोहेड्रल (घनाच्या कर्णाच्या दिशेने ताणलेला) होतो. बेरियमच्या काही जागी स्ट्रॉन्शियम घातले की या तीन बदलांपैकी सर्वांत वरच्याचे तापमान दर टक्क्यामागे साधारण साडेतीन अंशांनी उतरते. हा उतार भट्टी न पेटवता कसा काढावा, ते येथे पाहू.

सुरुवात शुद्ध पदार्थापासूनच करावी. क्वांटम एस्प्रेसो किंवा अबिनिट या मोफत प्रणालींपैकी एकीत पाच अणूंचा एकक-कोष (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा) घेऊन डेन्सिटी फंक्शनल थिअरीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या क्वांटम पद्धतीने, त्याची बाजू काढावी. येथे फंक्शनलची (इलेक्ट्रॉनांमधील परस्परक्रियेसाठी वापरायच्या अंदाजी सूत्राची) निवड फार जपून करावी लागते, कारण अशा सूत्रांपैकी एलडीए बाजू सुमारे एक टक्क्याने आखूड देते, पीबीई स्फटिकाचा लांबटपणा वाढवून दाखवते आणि पीबीईसोल बहुधा या दोहोंपेक्षा बरे ठरते. एक टक्का किरकोळ वाटेल, पण दोन ठेवणींमधील ऊर्जेचा फरक मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजावा इतका लहान असल्याने तीच चूक पुढे कितीतरी अंशांची होते. झाँग, व्हँडरबिल्ट आणि रेब या संशोधकांनी १९९४ मध्ये याच पदार्थाचे तिन्ही बदल योग्य क्रमाने मिळवले, तेव्हा त्यांनाही बाजूतील ही तूट भरून काढण्यासाठी गणितात ऋण दाब द्यावा लागला होता.

त्यानंतर घनाकृती ठेवणीचे फोनॉन, म्हणजे अणूंच्या सामूहिक कंपनाचे प्रकार, काढावेत. त्यासाठीच्या फोनोपी या प्रणालीच्या निकालात काल्पनिक वारंवारिता ऋण आकड्यांनी दिसतात. त्या पाहून गणित फसले असे समजू नये. टायटॅनियम ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात मध्यावरून सरकू पाहत आहे, हेच त्या आकड्यांतून कळते.

आता डोपिंग, म्हणजे काही अणूंच्या जागी दुसरे मूलद्रव्य (डोपंट) घालणे. २×२×२ सुपरसेलमध्ये (प्रत्येक दिशेला दोन एकक-कोष जोडून केलेल्या मोठ्या कोषात) ४० अणू आणि बेरियमच्या ८ जागा असतात. एक जागा बदलली की प्रमाण १२.५ टक्के होते. दोन बदलायच्या असतील, तर त्या लगत, पृष्ठाच्या कर्णावर किंवा घनाच्या कर्णावर अशा तीन वेगळ्या रीतींनी ठेवता येतात आणि तिन्ही तपासाव्या लागतात. डोपंटचा विद्युतभार वेगळा असेल, उदाहरणार्थ टायटॅनियमच्या जागी लोह, तर भार भरून काढणाऱ्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही धराव्यात.

इथवरचे सारे गणित शून्य केल्विनचे झाले. तापमान आणण्यासाठी त्यावरून प्रभावी हॅमिल्टोनियन (मोजक्याच महत्त्वाच्या हालचाली धरणारे ऊर्जेचे सोपे सूत्र) किंवा मशीन लर्निंगचे विभव (अणूंच्या जागांवरून ऊर्जा सांगणारे, संगणकाने शिकलेले सूत्र) बांधावे आणि हजारो एकक-कोषांवर माँटे कार्लो (यादृच्छिक बदल करून पाहण्याची पद्धत) अथवा रेणुगतिकी (अणूंची हालचाल क्षणाक्षणाने काढण्याची पद्धत) चालवावी. लेड टायटनेटसाठी वाघमारे आणि रेब यांनी १९९७ मध्ये पहिला, म्हणजे प्रभावी हॅमिल्टोनियनचा, मार्ग वापरला होता. नमुना वरच्या तापमानापासून हळूहळू थंड करत ध्रुवीकरणाचे (धन आणि ऋण भार एकमेकांपासून सरकल्याच्या मापाचे) तिन्ही दिशांतील तीन घटक तीन स्तंभांत नोंदवावेत. आधी तिन्ही शून्याभोवती घुटमळतात, मग एक उचलला जातो, पुढे दोन आणि शेवटी तिन्ही. बदलाच्या जवळ ध्रुवीकरण दिशा पालटत राहते, त्यामुळे चिन्हासह सरासरी घेतल्यास सारे शून्य दिसते. म्हणून प्रत्येक क्षणाच्या निरपेक्ष मूल्यांची सरासरी घ्यावी. तापवतानाचे आणि थंड करतानाचे तापमान जुळत नाही, तेव्हा दोन्ही काढावीत.

निकाल वाचताना एकट्या आकड्यापेक्षा उतारावर अधिक विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे. शुद्ध पदार्थाचे तापमान कमी आले, तरी दर टक्क्यामागची घट प्रयोगाशी जुळत असेल, तर प्रतिमान उपयोगी आहे. मात्र एक कसोटी अवश्य लावावी: टायटॅनियमच्या जागी थोडे झिर्कोनियम घालून तेच गणित पुन्हा चालवावे. प्रत्यक्षात झिर्कोनियममुळे वरचे तापमान उतरते, खालची दोन चढतात आणि सुमारे १५ टक्क्यांजवळ तिन्ही एकत्र येतात. स्ट्रॉन्शियमने मात्र तिन्ही उतरतात. प्रतिमानाने दोन्ही डोपंटना सारखेच वागवले, तर सुपरसेलच्या पायरीकडे परतावे.