ब्रिटनमध्ये चिकन धुऊ नका

नव्याने ब्रिटनमध्ये आलेल्यांना बँकेचे खाते आणि घरभाडे यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात, चिकनविषयी मात्र कोणी बोलत नाही. सुपरमार्केटमधले चिकन प्लॅस्टिकमध्ये बंद आणि स्वच्छ दिसते, म्हणून ते निर्जंतुक असते असे नाही. २०१४-१५ मध्ये फूड स्टँडर्ड्स एजन्सी या अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने दुकानांतल्या ताज्या कोंबड्या तपासल्या, तेव्हा सुमारे ७३ टक्के कोंबड्यांवर कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पुढे अतिदूषित कोंबड्यांचे प्रमाण घटले. तरी इथल्या जिवाणूजन्य अन्नविषबाधेत हाच जिवाणू आघाडीवर आहे.

चिकन आणले की आधी ते नळाखाली दोन-तीन पाण्यांनी धुवायचे, ही आपल्या घरातली शिकवण इथे बाजूला ठेवावी. हळद, मीठ, लिंबू खुशाल चोळा. पण धुऊ नका. पाण्याने जिवाणू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकमधल्या ताटल्यांवर, ओट्यावर आणि शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. पाच जणांच्या सामायिक स्वयंपाकघरात तर एकाच्या सोवळ्याचा प्रसाद पाचही जणांना मिळतो. रस्सा रटरटून उकळलेला असतो, त्याने सहसा काही होत नाही. घात करते ती कोशिंबीर, कारण चिकन कापलेल्या त्याच पाटावर, त्याच सुरीने चिरलेल्या काकडी-कांद्याला विस्तव लागतच नाही. काही शे जिवाणूही आजारी पाडायला पुरतात. त्रास बहुधा दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे दोष आदल्या रात्रीच्या टेकअवेला दिला जातो आणि पाट तसाच वापरात राहतो.

उन्हाळ्यात आपल्या मंडळींच्या बार्बेक्यूमध्ये उत्साह फार आणि सबुरी कमी असते. तंगडी बाहेरून करपली तरी हाडाजवळ कच्ची असू शकते. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान दोन मिनिटे टिकायला हवे.

कच्चे चिकन फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकून ठेवावे. पाकिटावरची ‘यूज बाय’ तारीख उलटली की ते टाकून द्यावे, वास घेऊन ठरवू नये.

जुलाबात रक्त दिसले किंवा ताप उतरेना, तर घरून आणलेल्या गोळ्यांवर विसंबू नका, १११ या सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) हेल्पलाइनवर फोन करा. हॉटेलात पार्टटाइम काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास कामावर जाऊ नये, मग मालक आपलाच मराठी माणूस असो आणि शनिवारची गर्दी असो.