रेडिओ नोंदींवरून सौरज्वालांचा अंदाज बांधताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारा घोळ म्हणजे ज्वालेच्या परिणामालाच तिची पूर्वसूचना मानणे. मीटर लहरींच्या वर्णपटावर टाइप २ चा (ज्वालेबरोबर उठणाऱ्या आघात लहरीच्या रेडिओ स्फोटाचा) संथ सरकणारा पट्टा दिसला, तेव्हा ज्वाला उसळून गेलेली असते. रेडिओ लहरी आणि क्ष-किरण दोन्ही सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात, त्यामुळे आगाऊ वेळ मिळत नाही. अशी नोंद प्रशिक्षणाच्या माहितीत शिरली, तर अंदाज बांधणारे संगणकीय प्रारूप कागदावर झकास चालते आणि प्रत्यक्षात तोंडघशी पडते. ज्वालेच्या सुरुवातीनंतरचे सगळे काढून टाका.

अंदाजासाठी बघायचे ते तासांच्या, दिवसांच्या गतीने बदलणारे सूक्ष्मलहरींतले उत्सर्जन. सौरडागाच्या चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉन ते सोडतात, त्यामुळे वारंवारितेवरून क्षेत्राचा जोर कळतो. हिशोब सोपा आहे: तिसऱ्या हार्मोनिकसाठी (गरगरण्याच्या वारंवारितेच्या तिपटीसाठी) दर गाऊसला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) ८.४ मेगाहर्ट्झ. म्हणजे १७ गिगाहर्ट्झवर एखादा डाग ठळक ध्रुवित (लहरींचे कंपन ठरावीक दिशेने फिरणारा) ठिपका होऊन झळकू लागला, की किरीटाच्या (सूर्याच्या बाह्य वातावरणाच्या) तळाशी सुमारे २००० गाऊसचे क्षेत्र पोचले असे समजा. १०.७ सेंमी लहरीला मात्र ३३० गाऊसही पुरतात. शिवाय तो आकडा अख्ख्या सूर्यबिंबाचा, त्यामुळे कोणता डाग तापतोय हे त्यातून कळत नाही. एकाच डागाचे ३ आणि ८ सेंमीवरचे मोजमाप शेजारी ठेवा. ३ सेंमीचे उत्सर्जन वरचढ होऊ लागले तर त्या डागावरून नजर हलवू नका.

१०.७ सेंमीचा आकडा वापरायचाच तर कॅनडातल्या पेंटिक्टन वेधशाळेची दिवसातली तिन्ही मोजमापे बघा. १५२, २१०, १५४ असे दिसले, तर मधल्या वेळी ज्वालेचा स्फोट मोजला गेला असण्याची दाट शक्यता. तो २१० सरासरीत घेऊ नका. ‘निरीक्षित’ (जसे मोजले तसे) आणि ‘समायोजित’ (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराला जुळवलेले) मूल्येही मिसळू नका. पृथ्वी-सूर्य अंतर बदलते, त्यामुळे जानेवारी ते जुलै निरीक्षित मूल्यात सुमारे ७ टक्के फरक पडतो, सूर्य अगदी शांत असला तरी.

ध्रुवणाची दिशा उलटली म्हणून लगेच धोक्याची घंटा वाजवू नका. डाग बिंबाच्या कडेकडे सरकताना लहरी आडव्या चुंबकीय क्षेत्रातून येतात आणि दिशा आपोआप उलटू शकते. आधी डागाचे रेखांश तपासा.

शेवटी पडताळणी. वर्षात एक्स श्रेणीच्या (सर्वांत जोरदार) ज्वालांचे १५ दिवस असतील, तर रोज ‘ज्वाला नाही’ म्हणणारासुद्धा ९६ टक्के अचूक ठरतो! म्हणून पकडलेल्या ज्वालांच्या प्रमाणातून, ज्वाला नसलेल्या दिवसांतले खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण वजा करा. रोज ‘ज्वाला नाही’ म्हणणाऱ्याचे उत्तर मग शून्य येते. आणि एकाच डागाचे दिवस प्रशिक्षणात नि चाचणीत विभागू नका, पूर्ण डाग एकाच बाजूला ठेवा.